फूटपट्टीने मोजलेली हॉकी

फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे स्टॅनले कप उचलला आणि एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, चाहत्यांत एक जुनेच भांडण पुन्हा पेटले. ही ध्यानचंदांची हॉकी नव्हे, बर्फावरची. इथे पक (चेंडूऐवजी वापरायची रबरी चकती) घेऊन येणाऱ्याला खांद्याने उडवून लावणे नियमात बसते. एक बाजू म्हणते, बघा, शेवटी अंगापिंडाने दणकट संघच जिंकतो. कौशल्य शिकवता येते, उंची शिकवता येत नाही. दुसरी बाजू लगेच मार्टिन सेंट लुईसचे नाव पुढे करते: ५ फूट ८ इंच, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवी मुले निवडण्याच्या वार्षिक वाटपात, एकाही संघाने घेतला नाही, आणि आज हॉल ऑफ फेममध्ये. मग दोघेही एकमेकांना मूर्ख ठरवून मोकळे होतात. माझ्या मते दोघेही भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत. उंचीला किंमत आहेच. पण ड्राफ्टमध्ये ती किंमत लहान चणीच्या मुलाकडून दोनदा वसूल केली जाते, आणि हे स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, अज्ञानामुळे होत नाही, निर्णय घेणाऱ्यांच्या सोयीमुळे होते.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दर उन्हाळ्यात ३२ संघ पाळीपाळीने सात फेऱ्यांत २२४ मुले निवडतात. बहुतेकांचे वय अठराच्या आगेमागे. त्याआधी बफेलोला निवडक मुलांची शारीरिक चाचणी होते: उंची, वजन, हातांचा पसारा, सायकलवर दम निघेपर्यंत पळवणे. २०२२ साली लेन हटसन नावाचा ५ फूट ८ इंचांचा बचावपटू तिथे डॉक्टरांचे पत्र घेऊन गेला. माझी वाढ अजून थांबलेली नाही, हे संघांना पटवण्यासाठी. पोराचा खेळ सगळ्यांनी दोन वर्षे डोळ्यांनी पाहिला होता. तरी हाडांचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही, हे त्याने अठराव्या वर्षी ओळखले होते.

आधी माझ्याच बाजूच्या लोकांचे कान धरतो. सेंट लुईस, थिओ फ्लुरी, जॉनी गॉड्रो, ब्रॅड मारशांड ही नावांची माळ ओढली म्हणजे काही सिद्ध होत नाही. ही तरलेल्यांची यादी आहे, बुडालेल्यांची कोणी करत नाही. कोरी लॉक आठवतो का कुणाला? ५ फूट ९ इंच, कॅनडातल्या ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये २००३ आणि २००४ असा दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू. पुढे एनएचएलच्या खालच्या पायरीवरच्या अमेरिकन हॉकी लीगमध्येही सर्वोत्तम ठरला. एनएचएलमध्ये एकूण सामने खेळला नऊ. आपल्याकडची मंडळी याच ओघात गावसकर आणि तेंडुलकर आणतात, 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणून टाळी घेतात. ती टाळी इथे लागू पडत नाही. माल्कम मार्शलचा चेंडू अंगावर येत असे, खुद्द मार्शल नव्हे. क्रिकेटमध्ये शंभर किलोचा माणूस फलंदाजाला भिंतीवर चिरडायला धावत येत नाही, आणि बर्फावर नेमके तेच होते.

तेव्हा समोरच्यांचे जे खरे आहे ते खरे म्हणू. लांब हाताचा बचावपटू काठी पुढे केली की दोन पावले आधीच पक काढून घेतो. गोलसमोरच्या धक्काबुक्कीत वजन कामी येते. गोलरक्षकाच्या बाबतीत तर वादच नको. ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच चौकट झाकायची तर मोठे शरीर जास्त झाकते. यूसे सारोस ५ फूट ११ इंचांचा असून टिकला, पण तसे फार थोडे. शिवाय छोट्याला ठरवून मोडता येते. १९७२ च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत साधारण ५ फूट ८ इंचांच्या व्हालेरी खार्लामोव्हने पहिल्याच सामन्यात माँट्रियालमध्ये दोन गोल केले, सोव्हिएत संघ ७-३ ने जिंकला आणि अख्खा कॅनडा सुन्न झाला. सहाव्या सामन्यात बॉबी क्लार्कने त्याच्या घोट्यावर काठी हाणली. खार्लामोव्ह सातवा सामना खेळू शकला नाही, आठव्यात उतरला तो लंगडत, आणि मालिका कॅनडाने जिंकली. त्याला थांबवायला कौशल्य पुरले नाही हे खरे, पण थांबवता आले हेही खरेच. आणि प्लेऑफ, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्या, आल्या की पंचांच्या शिट्ट्या कमी होतात हे हॉकी पाहणाऱ्या कोणालाही विचारा. टँपा बेने २०१८-१९ मध्ये ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चारही सामन्यांत मार खाल्ला. त्यानंतर त्यांनी पॅट मरून, ब्लेक कोलमन, बार्कली गुड्रोसारखे दांडगे, अंगावर जाणारे खेळाडू आणले, आणि लागोपाठ दोन कप जिंकले. उंची-वजनवाल्यांचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

पण तोच पुरावा जरा नीट वाचा. त्या दोन्ही कपांत, २०२० आणि २०२१ मध्ये, प्लेऑफमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे? ब्रेडन पॉइंटचे, दोन्ही वेळा १४. उंची ५ फूट १० इंच, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत, ७९ वा. २०२१ च्या उपांत्य फेरीत आयलँडर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यातला एकमेव गोल, तोही संघ एका खेळाडूने कमी असताना, यानी गुर्डचा. ५ फूट ९ इंच, ड्राफ्टमध्ये निवडच नाही. २०२३ मध्ये वेगास जिंकले तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू जोनाथन मार्शेसो. तोही ५ फूट ९, तोही न निवडलेला. आणि ज्या फ्लोरिडामुळे हे भांडण पुन्हा सुरू झाले, त्या फ्लोरिडासाठी २०२५ च्या अंतिम मालिकेत सहा गोल मारशांडने केले. ५ फूट ९, २००६ चा ७१ वा. कोणी म्हणेल, आत्ताच नावांच्या माळेला नावे ठेवलीत आणि आता स्वतःच जपायला बसलात. फरक आहे. 'छोटे खेळाडू सरसकट कमी लेखले जातात' हे चार नावांनी सिद्ध होत नाही. पण 'छोटा माणूस प्लेऑफमध्ये टिकत नाही' असा सरसकट दावा कोणी केला, तर तो पाडायला चार नावे भरपूर होतात.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅलेक्स डीब्रिंकॅट ५ फूट ७ इंचांचा. ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये त्याने सलग तीन हंगामांत ५१, ५१ आणि ६५ गोल केले. पहिले दोन हंगाम २०१६ च्या ड्राफ्टपूर्वीचे. शिकागोने त्याला घेतले ते ३९ व्या क्रमांकावर, म्हणजे पहिली फेरी सगळी निघून गेल्यावर. ते १०२ गोल त्याने कोणत्या अंगाने केले होते? त्याच ५ फूट ७ इंचांच्या. समोर त्याच्यापेक्षा डोकेभर उंच, काही वीस वर्षांचे बचावपटू होते, भिंतीवर आपटणारे होते, मनगटावर काठी मारणारे होते. ठेंगणेपणाचा जो तोटा व्हायचा तो आधीच होऊन गेलेला आहे, आणि तो वजा होऊनच हा आकडा आलेला आहे. मग स्काउट हा आकडा घेतो आणि 'पण उंची' म्हणून त्यातून पुन्हा काहीतरी कापतो. मी दोनदा वसुली म्हणतो ती ही.

यावर उत्तर असे की व्यावसायिक हॉकीत समोरचे आणखी मोठे, आणखी वेगवान असतात. ज्युनियरमध्ये चालले ते वर चालेलच असे नाही. बरोबर आहे, थोडी सूट धरावीच लागेल. पण मग ही सूट उंच मुलाच्या आकड्यातून का धरली जात नाही? सतराव्या वर्षी जो पोरगा ६ फूट ३ इंच आणि ९५ किलो आहे, त्याचे निम्मे यश बरोबरीच्या मुलांपेक्षा आधी मोठा झाल्याचे असू शकते. तो जेव्हा खऱ्या थोराड माणसांत जाईल तेव्हा हा फायदा नाहीसा होणार. छोट्याचा तोटा वर गेल्यावर वाढतो असे म्हणणाऱ्यांनी उंचाचा फायदा वर गेल्यावर आटतो हेही म्हणायला हवे. ते कोणी म्हणत नाही.

ही नुसती तर्काची कसरत नाही. उंचीवरून पक्षपात मोजणे अवघड, कारण उंचीचा खेळात खराच उपयोग आहे. किती कापले ते रास्त आणि किती जास्तीचे, हे वेगळे काढता येत नाही. पण जन्ममहिन्यावरून मोजता येते. कॅनडातली बालहॉकी जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाच्या हिशेबाने गट पाडते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले पोर डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे, थोराड, आणि निवडीत पुढे. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे १९८५ मध्येच दाखवले होते. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ च्या ड्राफ्टमधले कॅनेडियन खेळाडू तपासले. निवडलेल्यांपैकी ३६ टक्के वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले, शेवटच्या तिमाहीतले फक्त १४.५ टक्के. इथवर नवल नाही. खरी गंमत पुढची: उत्तरार्धात जन्मलेली मुले ज्या क्रमांकावर निवडली गेली, त्या मानाने ती पुढे जास्त खेळली, जास्त गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) मिळवले. म्हणजे त्यांना जिथे घेतले त्याच्या बरेच आधी घ्यायला हवे होते. पंचविसाव्या वर्षी जानेवारी काय नि डिसेंबर काय, जन्ममहिन्याचा बर्फावर शून्य उपयोग. तरीही स्काउटांनी तीन दशके त्याला किंमत मोजली, कारण तो सतराव्या वर्षी रुंद खांद्यांसारखा दिसत होता. जिथे शरीराचा फायदा निव्वळ भास होता तिथेही जर हे लोक फसले, तर जिथे तो थोडा खरा आहे तिथे ते नेमका तेवढाच धरत असतील, यावर विश्वास कसा ठेवायचा?

कॅलगरी फ्लेम्सची गोष्ट या बाबतीत मला फार बोलकी वाटते. १९८७ मध्ये या संघाने आठव्या फेरीत, १६६ व्या क्रमांकावर, ५ फूट ६ इंचांचा थिओ फ्लुरी घेतला. दोन वर्षांत तो कप जिंकणाऱ्या संघात होता. १९९१ च्या प्लेऑफमध्ये एडमंटनविरुद्ध सहाव्या सामन्यात, ओव्हरटाइममध्ये, त्याने मार्क मेसियेचा पास मधल्यामध्ये उचलला, एकट्याने जाऊन गोल केला आणि मग सगळी रिंक ओलांडत गुडघ्यांवर, पाठीवर घसरत, हात फेकत गेला. बाकीचा संघ त्याच्या मागे धावतोय आणि हा हाती लागत नाही. १,०८४ सामन्यांत १,०८८ गुण. आपल्या घरात असा माणूस असताना छोट्यांविषयीचा संशय तरी या क्लबातून जायला हवा होता. १९९८ मध्ये त्याच कॅलगरीने सेंट लुईसला करारावर घेतले. ६९ सामन्यांत चार गोल, बहुतेक वेळ खालच्या फळीत, आणि २००० च्या उन्हाळ्यात नारळ. टँपाने उचलला. २००३-०४ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मानकरी, सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत समोर कोण? कॅलगरी, ३-२ ने पुढे, घरच्या बर्फावर सहावा सामना, कप एका गोलाच्या अंतरावर. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या ३३ व्या सेकंदाला टँपाकडून गोल करणारा सेंट लुईस. सातवा सामना टँपाने घेतला. बरे, इतके पोळल्यावर तरी? २०११ मध्ये जॉनी गॉड्रो ड्राफ्टमध्ये आला, तोही असाच ठेंगणा. कॅलगरीने घेतला खरा, पण चौथ्या फेरीत, १०४ वा. आपल्याला कोणीतरी विशेष सापडलाय असे खरोखर वाटत असते तर तीन फेऱ्या थांबले नसते. २०२१-२२ मध्ये त्याने कॅलगरीसाठी ११५ गुण मिळवले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भाऊ मॅथ्यूसोबत सायकलवरून जाताना गाडीने उडवल्याने तो गेला. एरवी आजही खेळत असता.

म्हणजे प्रश्न माहितीचा नाही. ज्या क्लबाला हे सर्वांत चांगले ठाऊक असायला हवे तोच तीन वेळा त्याच खड्ड्याशी अडखळला. हटसनचेच पाहा. २०२२ चा ड्राफ्ट माँट्रियालमध्ये होता. माँट्रियालने पहिल्या क्रमांकावर ६ फूट ३ इंचांचा युराय स्लाफकोव्स्की घेतला, मग २६ वा, मग ३३ वा, आणि हटसनला ६२ वा. २०२४-२५ मध्ये त्याने ६० असिस्ट (गोलला दिलेले पास) करून नवोदित बचावपटूचा लॅरी मर्फीचा विक्रम गाठला आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक नेला. माँट्रियालच्या पारखी नजरेचे तेव्हापासून कौतुक चालले आहे. ज्या नजरेने तीनदा त्याच्यावरून पुढे जाऊन चौथ्यांदा त्याला उचलले, तिला पारखी म्हणायचे की नशीबवान?

कारण असे की उंच मुलावर चुकलात तर कोणी तुमच्यावर खापर फोडत नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने बाराव्या क्रमांकावर ६ फूट ६ इंचांचा ह्यू जेसिमन घेतला. त्याच्या वाट्याला एनएचएलचे दोन सामने आले, तेही दुसऱ्याच संघाकडून. अंगकाठीविषयी शंका होती म्हणून मागे राहिलेला ५ फूट ११ इंचांचा झॅक पॅरिसे सतराव्या क्रमांकावर गेला आणि हजाराहून अधिक सामने खेळला. जेसिमनची थट्टा झाली, पण 'असे अंग बघून कोणीही घेतला असता' ही ढाल त्याला निवडणाऱ्यांच्या हाती होतीच. ५ फूट ७ इंचांच्या मुलाला पहिल्या फेरीत घेऊन तो पडला असता, तर मालक पहिला प्रश्न विचारतो: तुम्हाला दिसत नव्हते का? दिसणारी चूक अंगाशी येते. न दिसणारी, म्हणजे जो घेतलाच नाही तो दुसरीकडे चमकला, ती एकतीस संघांत वाटली जाते आणि कोणाचीच राहत नाही. जनरल मॅनेजरची खुर्ची तशीही चार-पाच वर्षांची. तो ताक फुंकून पिणारच.

हे पहिल्या फेरीत मी समजू शकतो. चौथ्या-पाचव्या फेरीत अजिबात नाही. तिथे निवडलेल्यांपैकी फार थोडे कधी एनएचएलमध्ये स्थिरावतात. ते लॉटरीचे तिकीट आहे. तिकिटाचे पैसे तेवढेच असतील तर मोठ्या बक्षिसाचे घ्यावे की छोट्याचे? तरीही तिथे ६ फूट ५ इंचांचे, हंगामात तीन-चार गोल करणारे बचावपटू मोजून उचलले जातात, आणि शंभर गुणांचा छोटा फॉरवर्ड घरी बसून फोनची वाट पाहतो. यात जोखीम टाळल्याचे समाधान आहे, पण टाळली कोणती जोखीम?

छोट्यांचे पुढे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. त्यांना बर्फावर वेळ किती मिळतो, कोणत्या फळीत, कोणासोबत? कोल कॉफील्ड, ५ फूट ७, २०२१-२२ मध्ये माँट्रियालकडून पहिल्या ३० सामन्यांत एक गोल. फेब्रुवारीत प्रशिक्षक बदलला. नवा प्रशिक्षक म्हणजे तोच सेंट लुईस. उरलेल्या ३७ सामन्यांत २२ गोल. यात उंचीविषयीच्या समजुतीचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे तागडीत घालून सांगता येणार नाही. पण जुनाच प्रशिक्षक राहता तर 'बघा, छोटे चालत नाहीत' म्हणणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव जमा झाले असते, एवढे मात्र नक्की. कोरी लॉकचे नऊ सामने मीच वर मोजले. नऊ सामन्यांत कोणाचे काय सिद्ध होते?

आणि हा 'हॉकीचा स्वभाव' वगैरे नाही. या समजुतीला जन्मतारीख आहे. लीगमध्ये सहाच संघ होते त्या काळात आलेल्या माँट्रियालच्या हेन्री रिचर्डने पुढे ११ कप जिंकले, उंची ५ फूट ७. त्याचा सहकारी इव्हान कूर्नवाये तेवढाच. १९७१ मध्ये ५ फूट ८ इंचांचा मार्सेल डियोन दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि कोणाला त्यात वेड लागल्यासारखे वाटले नाही. तो ७३१ गोल करून थांबला. मग १९७४ आणि १९७५ मध्ये फिलाडेल्फियाने मारामारी करत कप जिंकले आणि हळूहळू प्रत्येकाला आपापले पैलवान हवेसे झाले. नव्वदच्या दशकात तर ओढाओढ, कवटाळणे, काठीने अडकवणे याला पंचांनी डोळेझाकच केली. खुद्द मारियो लेम्यूने १९९२ मध्ये या लीगला गॅरेज लीग, म्हणजे गल्लीछाप लीग, म्हटले. लेम्यू ६ फूट ४ इंचांचा होता, तक्रार करणारा काही ठेंगू नव्हता. २००४-०५ चा हंगाम मालकांच्या टाळेबंदीमुळे बुडाल्यावर लीगने ही ओढाओढ बंद केली, लांब पासवरची बंधने काढली, वेगाला मोकळी वाट दिली. नियम बदलले, मोजपट्टी तीच राहिली.

समजुती मोडतात कशा, याचेही उदाहरण याच खेळात आहे. १९८९ पर्यंत युरोपीय आणि सोव्हिएत खेळाडू नाजूक, प्लेऑफमध्ये न टिकणारे असे उत्तर अमेरिकेत बिनदिक्कत म्हटले जाई. अगदी आज छोट्यांविषयी म्हणतात त्याच शब्दांत. त्या वर्षी डेट्रॉइटने निकलास लिडस्ट्रॉमला ५३ वा, सर्गेई फेडोरोव्हला ७४ वा आणि व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला २२१ वा घेतले. पुढे पावेल दात्सुक १७१ वा, हेन्रिक झेटरबर्ग २१० वा. डेट्रॉइटने चार कप जिंकले, तेव्हा कुठे बाकीच्यांना शहाणपण सुचले. कोणाचे मन वळले नाही. हरून हरून वळवावे लागले. छोट्यांच्या बाबतीत टँपाने हे जवळजवळ केले होते, पण जिंकल्यावर सगळ्यांनी नक्कल केली ती मरून आणि गुड्रोची, पॉइंटची नाही. २०२४ मध्ये ६ फूट ७ इंचांचा अंतोन सिलायेव्ह दहाव्या क्रमांकावर गेला. चांगला खेळाडू आहे, यशस्वी होईलही. पण तोच खेळ ५ फूट १० इंचांच्या अंगात असता तर तो कितवा गेला असता?

उपाय निदान अर्धा तरी साधा आहे: थांबा. पूर्वी ड्राफ्टचे वय वीस होते, १९८० पर्यंत ते अठरावर आणले गेले, आणि ज्या वयात हाडे वाढत असतात त्याच वयात आयुष्याचा निकाल लावायची प्रथा पडली. वय पुन्हा एकोणीस-वीस करायला लीग सहजी तयार होणार नाही. तयार खेळाडू एक-दोन वर्षे आधी हाती लागण्यात पैसा आहे. पण दुसरीकडून वाट उघडली आहे. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधून निवडलेल्या मुलाला दोन वर्षांत करार देणे भाग असे, नाहीतर हक्क जाई; कॉलेजातून खेळणाऱ्याची जास्त वाट पाहता येई. सेंट लुईस व्हरमाँटचा, गॉड्रो बोस्टन कॉलेजचा, कॉफील्ड विस्कॉन्सिनचा, हटसन बोस्टन युनिव्हर्सिटीचा हा योगायोग नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेने, ठरवले की मेजर ज्युनियर खेळलेली मुलेही २०२५-२६ पासून अमेरिकन कॉलेजांकडून खेळू शकतील. म्हणजे 'अंग भरायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नाही' ही सबब बऱ्याच अंशी गेली. आता कॅनडातल्या मेडिसिन हॅट किंवा लंडन या गावांच्या ज्युनियर संघातल्या पोराला सहाव्या फेरीत घेऊन बाविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजात वाढू देता येईल, फुकटात. तरीही तो कोणी घेतला नाही, तर त्या संघांना पत्रकार परिषदेत एवढेच विचारावे: घाई कसली होती?